तारमास्तरांचा शेरा

वीज कंपनीत त्यांना खऱ्या नावाने हाक मारणारं कुणी उरलं नव्हतं. सगळे त्यांना तारमास्तर म्हणत. शाळेतला मास्तर पोरांची हजेरी घेतो तशी हा माणूस खांबांची हजेरी घेतो, असं पहिल्याच वर्षी कुणी तरी थट्टेत म्हणालं आणि ते नाव चिकटलं ते चिकटलंच. बायको एरवी 'अहो' म्हणायची, पण चिडली की तिच्याही तोंडून 'मास्तर' निघायचं. मग तारमास्तर समजायचे की आज आपलं काही खरं नाही.

काम बघायला गेलं तर साधं होतं. पाऊस सरून चार महिने झाले आणि डोंगरउतारावरचं गवत वाळून काडी झालं की वाऱ्याचे दिवस यायचे. वारा तिथे जावयासारखा यायचा. दरवर्षी, ठरलेल्या दिवसांत, आणि तो असेपर्यंत सगळ्यांनी जपून वागायचं. तो सुटायच्या दीड महिना आधी तारमास्तर उपकेंद्रापासून डोंगरावरच्या शेवटच्या वस्तीपर्यंत लाईनखालून पायी जायचे. तीनशे चाळीस खांब, अकरा दिवस. प्रत्येक खांबाशी थांबायचं, मान वर करून तार बघायची, झाडं किती जवळ आलीत ते बघायचं, आणि फॉर्मवर तीनपैकी एक शेरा लिहायचा: 'ठीक', 'लक्ष ठेवावे' किंवा 'धोका'.

या शेऱ्यांत 'धोका' या शब्दाला वजन होतं. ज्या लाईनवर एक जरी 'धोका' असेल ती लाईन, वाऱ्याने ठरलेला वेग ओलांडला की, उपकेंद्रातला ऑपरेटर कुणाला न विचारता बंद करू शकायचा. बाकी कुठलीही लाईन बंद करायची तर वरून हुकूम लागायचा. सव्वीस वर्षांत तारमास्तरांनी हा शब्द उगाच कधी लिहिला नव्हता आणि लिहायचा कधी टाळलाही नव्हता.

दोनशे बारा आणि दोनशे तेरा नंबरच्या खांबांमध्ये एक निलगिरी होती. सरळ वाढण्याचा वसा घेतलेलं हे झाड, पण हे मात्र पंधरा-वीस वर्षांपूर्वी कुठल्याशा वाऱ्याने लाईनच्या बाजूला कललं आणि तसंच मोठं झालं. बुंध्याशी एक भोक होतं. तारमास्तरांनी एका वर्षी त्यात हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. बाहेर आला तो भुसा घेऊन.

त्या निलगिरीच्या वरच्या अंगाला, चढावर, एक घर होतं. तिथे मधवाल्या मावशी राहायच्या. घराभोवती मधमाश्यांच्या पस्तीस-चाळीस पेट्या, आणि त्यांच्यामध्ये जाळीची टोपी घालून वावरणाऱ्या या सत्तरीच्या बाई. मुलगी खाली शहरात शाळेत शिकवायची आणि सुट्टीच्या दिवशी वर यायची. तारमास्तरांचा सहावा दिवस नेहमी मावशींच्या ओट्यावर संपायचा. त्या पाणी द्यायच्या, वाटीत मध द्यायच्या आणि बोलायला माणूस मिळाल्यासारखं भरभरून बोलायच्या.

"ते झाड तोडा हो मास्तर," असं त्या दरवर्षी म्हणायच्या. "माझ्या माश्यांचं अर्धं पोट त्याच्या फुलांवर आहे, तरी सांगते, तोडा. वारा सुटला की ते असं कण्हतं, वाटतं दारात कुणी आजारी माणूस आणून टाकलंय."

"लिहितो, मावशी."

"लिहिता हो तुम्ही. पण तुमचं लिहिलेलं वाचतं कोण?"

प्रश्न रास्त होता. निलगिरीपुढे पहिल्या वर्षी 'धोका' लिहिला तेव्हा झाडं छाटणाऱ्या ठेकेदाराने रस्त्याकडेची झाडं छाटली आणि वर चढायचा कंटाळा केला. दुसऱ्या वर्षी कुणी तरी फूटपट्टी लावून शोध लावला की निलगिरीचा बुंधा लाईनखालच्या कंपनीच्या पट्ट्याबाहेर, हातभर पलीकडे, जंगलखात्याच्या जागेत आहे. जंगलखात्याला पत्र गेलं. तिसऱ्या वर्षी जंगलखात्याचं उत्तर आलं की अर्ज विहित नमुन्यात नाही. भिजत घोंगडं तसंच पडून राहिलं. तिन्ही वर्षं 'धोका' मात्र कागदावर होता, त्यामुळे वारा सुटला की ऑपरेटर लाईन बंद करायचा. तिसऱ्या वर्षी तर वारा इतका हटवादी निघाला की सगळे मिळून चार दिवस डोंगरावर वीज नव्हती. पाण्याचे पंप बंद, दवाखान्यात औषधांचा फ्रिज बंद. लोकांनी अर्ज केला, दीडशे सह्यांचा. वर्तमानपत्रात फोटो आला. मुख्य कचेरीने विभागाची अशी काही झाडाझडती घेतली की धाकटे साहेब दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

धाकटे साहेब म्हणजे विभागाचे इंजिनिअर. वयाने तारमास्तरांच्या मुलाइतके. माणूस सभ्य, 'तुम्ही'खेरीज बोलायचा नाही, तारमास्तर खोलीत आले की उठून उभा राहायचा. तारमास्तरांना तो आवडायचा, आणि पुढे जे झालं ते त्यामुळेच झालं. उद्धट साहेब असता तर मास्तरांनी त्याचं ऐकलं नसतं.

चौथ्या वर्षी कागदी फॉर्म गेले आणि टॅब आला. शेरा बोटाने दाबायचा, आणि पाठवला की लगेच तो मुख्य कचेरीत दिसायचा. अकरा दिवसांची चाल संपवून तारमास्तर परतले त्या दुपारी साहेबांनी त्यांना आत बोलावलं, दार लोटलं, स्वतः खुर्ची ओढून दिली आणि टॅब मागून घेऊन चाळला.

"मास्तर, दोनशे बारा."

"काय झालं?"

"यंदाही 'धोका' टाकलात. अजून पाठवलं नाहीये ना?"

"संध्याकाळी पाठवणार होतो."

साहेबांनी टेबलावरची पिन उचलली, ठेवली. "मी सरळ सांगतो. तुम्ही 'धोका' पाठवलात की टॅबमध्ये आपला विभाग लाल होतो. सात दिवसांत झाड तोडलं नाही तर लालच राहतो. आणि जंगलखात्याची परवानगी सात दिवसांत येणार नाही हे तुम्हालाही माहीत आहे. वर, 'धोका' आहे म्हणून परत लाईन बंद. परत अर्ज, परत फोटो. मला वरून स्पष्ट सांगितलंय, यंदा डोंगराची लाईन बंद पडता कामा नये."

"मग झाड तोडा."

"तेच तर करतोय. परवानगीची वाट न बघता मी पंधरा दिवसांत तोडून घेतो. माझ्या जबाबदारीवर. वारा सुटायला सव्वा महिना आहे. तुम्ही फक्त आत्ता 'ठीक' टाका. मी शब्द देतो मास्तर."

तारमास्तरांनी टॅब पुढे ओढला. त्यांनी हिशेब केला तो एवढाच: तीन वर्षं 'धोका' लिहून झाड हललं नाही. या माणसाच्या शब्दाने हलत असेल तर शेऱ्याला काय चाटायचंय? मावशींना झाड तुटलेलं हवं होतं, शेरा नको होता. त्यांनी बोट टेकवलं. 'ठीक'. पडद्यावर शेरा गेल्याची हिरवी खूण आली. साहेबांनी उठून त्यांचा हात हातात घेतला.

पंधरा दिवसांनी तारमास्तरांनी विचारलं, "झालं का?"

"माणसं मिळेनात. पुढच्या आठवड्यात नक्की."

पुढच्या आठवड्यात साहेब मुख्य कचेरीत बैठकीला होते. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी तारमास्तरांना बघून आपणहून सांगितलं, "उद्या जातायत." तारमास्तरांनी मनात एकदा ठरवलं की शेरा बदलून टाकावा. पण एकदा गेलेला शेरा टॅबमधून बदलता येत नव्हता, त्यासाठी साहेबांची सही लागायची. सही मागायची म्हणजे तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही असं तोंडावर सांगायचं. उद्यापर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलं, आणि त्या रात्री जेवताना बायकोला उगाचच म्हणाले, "धाकटे साहेब चांगले आहेत गं."

"कुणी नाही म्हटलंय?" ती म्हणाली.

वारा यंदा दहा दिवस आधी आला.

त्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला विभागाच्या कचेरीतल्या खिडक्या एकदम धडधडायला लागल्या. कुणाच्या तरी टेबलावरचे कागद उडाले, सगळे हसत ते गोळा करायला लागले. तारमास्तर हसले नाहीत. त्यांनी बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं. आभाळ निरभ्र होतं आणि रस्त्यावरची धूळ जमिनीला समांतर पळत होती. ते आत आले आणि उपकेंद्राला फोन लावला. फोनवर ऑपरेटर होता. पंधरा वर्षांची ओळख.

"वेग किती दाखवतंय?"

"ठरलेला कधीच गेला ओलांडून. मघाशी तर काटा टोकाला टेकला."

"मग डोंगराची लाईन बंद कर."

"मास्तर, त्या लाईनवर 'धोका' नाही यंदा. सगळी ठीक आहे. मला वरून हुकूम लागेल."

"मग माग हुकूम."

"मागितला. ते म्हणाले, कागदावर ठीक आहे तर चालू ठेवा."

"अरे, मी सांगतोय ना तुला."

"तुम्ही तोंडाने सांगताय. माझ्या पडद्यावर तुमचंच नाव आहे, दोनशे बारा, 'ठीक'. मी बंद केली आणि दवाखान्यात कुणाचं काही झालं तर मला फासावर देतील. तुम्ही 'धोका' लिहिला असता तर कोण विचारत होतं, मी मघाशीच बंद केली असती."

तारमास्तरांनी फोन ठेवला. साहेबांच्या खोलीत गेले तर खोली रिकामी होती. साहेबांचा फोन वाजत राहिला. तेव्हा त्यांनी मोटरसायकल काढली आणि डोंगराचा रस्ता धरला. तिथे जाऊन आपण काय करणार, झाडाला पाठ लावून उभे राहणार की काय, हे त्यांना माहीत नव्हतं. वाऱ्याने गाडी रस्त्याच्या या कडेकडून त्या कडेला जात होती. मावशींना घरातून खाली आणायचं, एवढं एक त्यांच्या डोक्यात होतं. बसतील का त्या गाडीवर? माश्या टाकून येतील का? नाही आल्या तर उचलून आणायचं.

शेवटच्या वळणाआधी त्यांना धूर दिसला. आधी वाटलं, ढग असेल. मग वारा फिरला आणि जळत्या निलगिरीचा वास आला. सर्दी झाल्यावर लहान मुलांच्या छातीला चोळतात तसल्या तेलाचा वास. तो वास नाकात शिरला तेव्हा गाडी हातातून निसटून रस्त्यात आडवी झाली.

निलगिरी बुंध्याशी मोडून लाईनवर पडली होती. तार तुटून गवतात पडली. लाईन चालू होती. त्या गवताला काडी लावायचीसुद्धा गरज नव्हती, त्यात जिवंत तार पडली होती. वाऱ्याने आग चढावर नेली. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते.

तारमास्तर पायवाटेने वर धावले, पण पन्नास पावलांच्या पुढे जाता येईना. तोंड भाजायला लागलं. त्यांनी हाका मारल्या. धुरातून माश्यांचा एक लोंढा त्यांच्या डोक्यावरून खाली गेला. खालून आगीच्या बंबावरची माणसं आली, त्यांनी मास्तरांना दोन्ही दंडांना धरून मागे ओढलं. एकाने विचारलं, "वर कुणी आहे का?" तारमास्तरांनी घराकडे बोट दाखवलं.

मावशी दुपारी चारला सापडल्या. घरात नव्हत्या. पेट्यांमध्ये सापडल्या. सतरा पेट्यांची झाकणं काढून ठेवलेली होती आणि अठराव्या पेटीशी त्या होत्या. पळून जायला त्यांना वेळ होता, असं बंबावरचा मुख्य माणूस म्हणाला. दहा मिनिटं तरी होती.

मुलगी शाळेतून आली तेव्हा रस्ता अडवलेला होता. खडूने पांढरे झालेले हात घेऊन ती दोरीशी उभी होती. तारमास्तर तिच्यापासून दहा हातांवर उभे होते आणि तिच्याजवळ जायचं त्यांना धाडस झालं नाही.

आठ दिवसांनी कंपनीने चौकशी लावली. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी धाकटे साहेब तारमास्तरांच्या घरी आले. पहिल्यांदाच आले होते. बायकोने चहा ठेवला आणि शिवणयंत्रावरचे कपडे बाजूला करून त्यांना बसायला जागा दिली. साहेबांचे डोळे सुजलेले होते. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही.

"मी माणसं लावली होती मास्तर. खरंच लावली होती. त्या दिवशी जाणार होती."

"त्याच्या आदल्या दिवशी जाणार होती," तारमास्तर म्हणाले.

"हो." साहेबांनी बशी थोडी पुढे सरकवली. "उद्या तुम्ही काय सांगणार आहात?"

"जे झालं ते."

"आपल्या दोघांत झालेलं बोलणं कुठे लिहिलेलं नाही. मला म्हणायचंय की... माझी मुलगी अजून चालतही नाही. तुमची तर नोकरीची दोनच वर्षं राहिलीत मास्तर."

बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती पुढे आली, साहेबांसमोरचा कप उचलला आणि म्हणाली, "चहा गार झाला. तुम्ही निघा आता." साहेब उठले आणि दाराशी जाऊन चप्पल घालायला त्यांना फार वेळ लागला.

ते गेल्यावर तारमास्तरांनी माळ्यावरची पत्र्याची पेटी काढली. जुन्या फॉर्मच्या कार्बन कॉपी ते जपून ठेवायचे. कंपनीतल्या मूळ फायली टॅब आला तेव्हा कुठे तरी गोदामात गेल्या होत्या आणि चौकशीवाल्यांना त्या सापडत नव्हत्या, असं कानावर आलं होतं. तीन वर्षांच्या तीन निळसर प्रती निघाल्या. दोनशे बारा, निलगिरी, बुंधा पोकळ, लाईनकडे कललेली, धोका. त्यांच्याच अक्षरात, तारखेसह. बायकोने त्या इस्त्री फिरवल्यासारखा हात फिरवून सपाट केल्या आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत घातल्या. "हे दाखवा," ती म्हणाली. "कोण खोटं बोलतंय ते दिसेल त्यांना." आगीनंतर पहिल्यांदा तारमास्तर त्या दिवशी पोटभर जेवले.

चौकशीच्या खोलीत लांब टेबलामागे तीन जण होते आणि बाजूला कंपनीच्या वकीलबाई. धाकट्या साहेबांची पाळी आधी झाली. शेरा बदला असं आपण कधीही म्हटलं नाही, असं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. मग तारमास्तरांना बोलावलं. त्यांनी सगळं सांगितलं, साहेबांचा शब्द, ऑपरेटरचा फोन, सगळं. बोलून झाल्यावर पिशवीतून तिन्ही प्रती काढून टेबलावर ठेवल्या.

वकीलबाई उठल्या. त्यांनी प्रती नीट वाचल्या, एकेक करून, घाई न करता. तारमास्तरांना वाटलं, या बाईंना कळतंय.

"हे तुमचंच अक्षर?"

"हो."

"म्हणजे झाड पोकळ आहे हे तुम्हाला तीन वर्षं माहीत होतं."

"मी दरवर्षी लिहीत होतो बाई."

"चौथ्या वर्षी झाड पोकळ नव्हतं का?"

"होतं."

"तुम्ही प्रत्यक्ष बघितलंत?"

"बघितलं. हात लावून बघितलं."

"आणि 'ठीक' लिहिलंत."

तारमास्तर म्हणाले, "साहेबांनी शब्द दिला होता."

"ते साहेब नाकारतायत. माझ्यासमोर लेखी पुरावा एकच आहे, आणि तो तुम्हीच आणलात." त्यांच्या आवाजात कुचेष्टा नव्हती. उलट थोडी कीवच होती, आणि तारमास्तरांना ती जास्त लागली. "कंपनीला आत्तापर्यंत असं वाटत होतं की तुमच्या नजरेतून झाड निसटलं असेल. माणूस आहे, चुकतो. पण तुम्हाला सगळं माहीत होतं. कंपनीला तुम्ही सांगितलंत ते 'ठीक'."

तारमास्तरांनी टेबलावरच्या प्रतींकडे हात नेला. त्या त्यांना परत घ्यायच्या होत्या. टेबलामागच्या माणसाने त्या हळूच आपल्याकडे ओढून घेतल्या आणि वर क्रमांक टाकला.

महिन्याने निकाल आला. वारा असाधारण होता. झाड कंपनीच्या पट्ट्याबाहेर होतं. लाईन चालू ठेवण्याचा निर्णय उपलब्ध नोंदींनुसार योग्य होता. निरीक्षकाने धोका माहीत असून तो कळवला नाही. तीन कलमांत कंपनीने काखा वर केल्या आणि चौथ्यात तारमास्तर होते. त्यांना कामावरून काढलं. धाकट्या साहेबांची बदली झाली, ती वरच्या जागेवर. ऑपरेटर रस्त्यात भेटला तेव्हा मान खाली घालून पलीकडच्या बाजूला गेला.

तारमास्तरांना झोप लागेना. मावशींच्या मुलीला कंपनीचं पत्र गेलं असणार आणि त्यात आपलं नाव असणार. त्या पोरीला अर्धंच कळलंय, पुरतं कळायला हवं, असं त्यांच्या मनाने घेतलं. बायको म्हणाली, "जाऊ नका. तिला काय मिळणार आहे त्यातून?" पण ते गेले.

मुलगी शाळेच्या मागे दोन खोल्यांत राहायची. दुपारची वेळ होती, टेबलावर वह्यांचा गठ्ठा होता, हातात लाल पेन होतं. त्यांना बघून ती उठली नाही, पण बसा म्हणाली. तारमास्तरांनी पहिल्या वर्षापासून सगळं सांगितलं. सांगून झालं तेव्हा तिने पेनाचं टोपण लावलं.

"एक विचारते. तुम्ही 'धोका' लिहिला असता तर लाईन बंद झाली असती?"

"हो."

"झाड पडलं असतं तरी आग लागली नसती."

"नसती."

"आई आज असती."

तारमास्तरांना वाटलं होतं की साहेब, ऑपरेटर, जंगलखातं, ठेकेदार, सगळे सांगून झाल्यावर या प्रश्नाचं उत्तर थोडं तरी वेगळं होईल. ते तसंच होतं. "हो," ते म्हणाले.

तिने मान हलवली. ती खिडकीबाहेर बघायला लागली. बाहेर मुलं ओळीने नळावर पाणी पीत होती. मग ती म्हणाली, "मागच्या वर्षी चार दिवस लाईन बंद होती तेव्हा वस्तीने अर्ज केला होता. दीडशे सह्यांचा."

"माहीत आहे."

"तो मी लिहून दिला होता. माझं अक्षर चांगलं म्हणून. आई नको म्हणत होती. ती म्हणाली, बंद असते तेच बरं, मला झोप लागते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी तिला म्हटलं, तुला काय कळतंय."

तारमास्तर उठले.

"तुम्ही आला नसतात तर बरं झालं असतं," ती म्हणाली. "आत्तापर्यंत दोष द्यायला एकटे तुम्हीच होतात." आणि तिने पुढची वही उघडली.

ते वर्ष कसं गेलं ते तारमास्तरांना सांगता आलं नसतं. बायको शिवत होती, ते बटणं लावून द्यायचे. पुन्हा गवत वाळलं. कंपनीने त्यांच्या जागी एक तरणा मुलगा घेतला होता, आणि त्याला अकरा दिवसांऐवजी चारच दिवस दिले होते, कारण आता वरून उडत्या कॅमेऱ्याने फोटो काढले जायचे. वरून फोटो काढला की झाडाचा शेंडा दिसतो, बुंधा दिसत नाही, हे तारमास्तरांना कुणी विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं.

दोनशे सत्त्याऐंशी नंबरच्या खांबाशी एक जुनं सुरूचं झाड होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी त्यापुढे 'लक्ष ठेवावे' लिहिलं होतं. एका सकाळी त्यांनी ग्राहक तक्रारीचा नंबर फिरवला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"आपला ग्राहक क्रमांक सांगता का, काका?"

"माझ्या घरची तक्रार नाही बाळ. डोंगराच्या लाईनवर दोनशे सत्त्याऐंशीच्या खांबाशी सुरूचं झाड आहे, त्याची मुळं उघडी पडलीत. वारा सुटायच्या आत..."

"खांबाच्या नंबरवर तक्रार घेता येत नाही, काका. ग्राहक क्रमांकच लागतो. आपल्याकडे वीज आहे ना आत्ता?"

"आहे."

"मग मी आपल्याच क्रमांकावर नोंदवते, झाडाबाबत म्हणून. चालेल?"

"वरपर्यंत जाईल ना?"

"हो, नोंदवली की जातेच."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मोबाईलवर संदेश आला: आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे. आपला वीजपुरवठा सुरळीत आहे. सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबा.

त्यांनी तो दोनदा वाचला आणि बायकोला दाखवला. तिने यंत्र थांबवून वाचला. "परत करा फोन," ती म्हणाली.

त्यांनी परत केला. त्या आठवड्यात सहा वेळा केला. दरवेळी दुसरं कुणी तरी होतं, दरवेळी नोंद झाली, दरवेळी निवारण झालं. सातव्यांदा त्यांनी नंबर फिरवायला घेतला आणि मधेच फोन खाली ठेवला. बायकोने मान वर करून बघितलं.

खिडकीचं दार हललं. एकदा, मग पुन्हा. तारमास्तर उठून दाराशी गेले. रस्त्यावरची धूळ उठत होती, समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे दोरीवर आडवे झाले होते. बायको आतून म्हणाली, "अहो, दार लावा, धूळ येते." त्यांनी दार लावून घेतलं आणि कडीवर हात ठेवून तिथेच उभे राहिले.